दोन बोटं ओल आणि खाली भुकटी

टोमॅटोची रोपं दुपारी माना टाकायची. रोज. अकरा वाजले की पानं लोंबायला लागायची, संध्याकाळी परत उभी राहायची, आणि ते बघून जीव इतका खालीवर व्हायचा की मी सकाळी पाणी द्यायचो, संध्याकाळी द्यायचो, कधी कधी तर भर दुपारीसुद्धा नळी घेऊन थोडं थोडं फिरवून यायचो. दोन उन्हाळे असेच गेले. झाडं जगायची पण फळ नाही, आणि पाण्याचा खर्च तर विचारू नका.

तिसऱ्या उन्हाळ्यात एक रोप पूर्ण वाळलं म्हणून उपटायला गेलो आणि सहज खुरपं खोल घातलं. तासाभरापूर्वीच पाणी देऊन झालं होतं. वरची दोन बोटं माती ओली, आणि त्याच्याखाली कोरडी भुकटी, फुंकली तर उडेल अशी. मुळं सगळी त्या दोन बोटांच्या थरात आडवी पसरलेली, केसांच्या गुंत्यासारखी, एक मूळ खाली गेलेलं नाही. जाणार तरी कशाला, खाली ओलच नव्हती. म्हणजे मी रोज थोडं थोडं पाणी देऊन मुळांना वर बोलवत होतो, आणि वरचा थर हाच तर उन्हात सगळ्यात जास्त तापतो.

मग स्वयंपाकातला टोकदार थर्मामीटर नेला. दुपारी अडीच वाजता हवा ४३ अंश होती. उघड्या वाफ्यात चार बोटं खोल खुपसला तर ४७. चार पावलांवर वाळलेल्या गवताचा एक भारा आठवडाभर नुसता टाकून ठेवला होता, तो बाजूला करून तिथे तेवढाच खोल खुपसला तर ३३. तीच माती, तीच वेळ. मी बराच वेळ तिथेच बसून राहिलो, कारण दोन वर्षं मी वर बघत होतो, शेडनेट कुठली घेऊ, किती टक्क्यांची घेऊ, आणि झाड होरपळत होतं ते खालून.

त्या दिवसापासून माझं एकच चाललंय, माती उघडी ठेवायची नाही. बाकी जे काही करतो ते या एका गोष्टीच्या मागून येतं.

आच्छादनाबद्दल सगळेच सांगतात पण किती आणि कसं ते कोणी नीट सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. पातळ थराचा काही उपयोग नाही. वीतभर उंच टाका, ते दबून निम्मं होतं, आणि तेवढं तरी उरलं पाहिजे. खोडाला चिकटवायचं नाही, चार बोटं जागा मोकळी सोडायची, नाहीतर खोड ओलसर राहून कुजतं. वाळलेलं गवत, पालापाचोळा, छाटणीच्या बारीक फांद्या, कडधान्याचा भुसा, जे मिळेल ते चालतं, फक्त बी धरलेलं तण टाकू नका, मी टाकलं होतं आणि पुढचे सहा महिने खुरपत बसलो. अजून एक, लाकडाचा भुसा मातीत मिसळायचा नाही, वरच ठेवायचा. मिसळला की तो कुजवायला जीवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि झाडं पिवळी पडतात. आणि आधी माती खोलवर भिजवून मगच आच्छादन टाकायचं, कोरड्या मातीवर टाकलं तर हलका पाऊस किंवा थोडं पाणी त्या गवतातच जिरून जातं, खाली पोचतच नाही.

गरम भागात हे आच्छादन संपतं पण फार लवकर. तापमान दहा अंशांनी वाढलं की कुजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो (ओल असेल तर), त्यामुळे थंड हवेच्या ठिकाणी एकदा टाकलेलं शेणखत जितकं पुरतं तितकं आपल्याकडे पुरत नाही. शेणखत मी आता वर्षातून एकदा भरपूर टाकण्यापेक्षा तीनदा थोडं थोडं टाकतो. आणि रिकाम्या वाफ्यात चवळी पेरून ठेवतो, शेंगा मिळाल्या तर मिळाल्या, नाहीतर फुलावर आली की कापून तिथेच आडवी टाकायची. रताळ्याचा वेल तर जिवंत आच्छादनच आहे, जमीन अशी झाकतो की खाली हात घातला तर गार लागतं.

वाळवी लागते. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि मीही सुरुवातीला घाबरलो होतो, औषध टाकायच्या बेतात होतो. पण निरखून बघितलं तर वाळवी वाळलेलं खात होती, हिरव्या झाडाला हात लावत नव्हती. जिथे झाड पाण्याविना आधीच दुबळं झालेलं होतं तिथे मात्र खोडाला लागली. म्हणून खोडाजवळ मोकळी जागा आणि जमिनीत ओल एवढं सांभाळतो. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमध्ये याकुबा सावादोगो नावाचे शेतकरी होते, २०१८ साली त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला, २०२३ मध्ये ते गेले. त्यांनी १९८० च्या सुमारास दगडासारख्या कडक पडीक जमिनीत उन्हाळ्यातच छोटे छोटे खड्डे घेऊन त्यात शेणखत आणि पालापाचोळा भरायला सुरुवात केली, तिकडची जुनीच पद्धत आहे, झाई म्हणतात, त्यांनी ती सुधारली. त्या खतावर वाळवी येते, जमिनीत बोगदे करते, आणि पाऊस पडला की पाणी त्या बोगद्यांतून खोल उतरतं. म्हणजे कुदळीनं निघणार नाही ती जमीन वाळवी पोखरून देते. हे वाचल्यापासून वाळवीकडे बघायची माझी नजर बदलली. मी पण मागच्या कडक मुरमाड पट्ट्यात हातभर रुंद, वीतभर खोल असे खड्डे घेतले आणि त्यात भोपळा आणि तूर लावली, जिथे आधी कुसळंसुद्धा नीट येत नव्हती.

आता पाणी. रोज पाच मिनिटं देण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी एकदा इतकं द्यायचं की हातभर खोल भिजलं पाहिजे. रोपं अगदी लहान असताना हे चालत नाही, पहिले दोन आठवडे रोजच द्यावं लागतं, पण नंतर हळूहळू अंतर वाढवत न्यायचं म्हणजे मुळं ओलीच्या मागे खाली जातात. वाफसा, म्हणजे मातीत बेताची ओल, कसा ओळखायचा तर चार बोटं खालची माती मुठीत दाबायची, गोळा झाला आणि बोटानं टोचल्यावर फुटला तर वाफसा आहे, पाणी नको. गोळाच होत नसेल तर द्या. गोळा चिकटून बसला, टोचलं तरी फुटत नाही, तर दोन दिवस नळाला हात लावू नका. आणि दुपारी पानं लोंबली म्हणून लगेच पाणी द्यायचं नाही, भोपळावर्गाची मोठी पानं तर पोटभर पाणी असलं तरी दुपारी मान टाकतात. सकाळी उठून बघायचं. सकाळी पण लोंबलेली असतील तर खरी तहान.

ठिबक चांगलंच आहे, मी पण लावलंय, पण त्याची एक गोष्ट उशिरा कळली. ड्रिपरच्या भोवती ओल जिथे संपते त्या कडेला पांढरी पापुद्र्यासारखी खपली जमायला लागली. ते क्षार. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि जिथे पाऊस कमी तिथे ते धुऊन जायला काही मार्गच नसतो. मिरचीच्या पानांच्या कडा करपल्या तेव्हा मला वाटलं ऊन लागलं, पण ते क्षारांमुळे होतं. आता मधून मधून एकदा नेहमीपेक्षा बरंच जास्त पाणी सोडून ते खाली ढकलतो, आणि नवीन पीक लावताना त्या कडेवर रोप लावत नाही.

नवीन लावलेल्या फळझाडांना मी मडकी पुरलीत. बिनचकाकीचं साधं मातीचं मडकं, गळ्यापर्यंत जमिनीत, वर झाकण, आणि आत पाणी. माती कोरडी झाली की मडकं पाझरतं, ओली असली की जवळपास थांबतं. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या लिखाणात ही पद्धत आहे. लिंबाच्या दोन रोपांना मडकं आणि दोनांना नुसतं आळं करून पाणी असं करून बघितलं, मडक्याजवळचं एक रोप काढून दुसरीकडे हलवायची वेळ आली तेव्हा त्याच्या पांढऱ्या मुळांनी मडक्याला जाळीसारखं गच्च धरलेलं होतं, सोडवताना तुटतील म्हणून शेवटी मडक्यासकटच उचललं.

पिकांची निवड पण मी उशिरा शिकलो. टोमॅटोला तापमान दिवसा ३५ च्या वर आणि रात्री २४ च्या वर गेलं की परागकण निकामी होतात, फुलं येतात आणि गळतात. खत वाढवून काही होत नाही, उलट नत्र जास्त झालं की नुसता पाला वाढतो. आणि जी फळं आधी धरलेली असतात ती ३० च्या पुढे नीट लाल होत नाहीत, पिवळट केशरी राहतात कारण तो लाल रंग तयार होणंच मंदावतं. रंग फिरायला लागला की तोडून घरात सावलीत ठेवा, मस्त लाल होतात. फळाचा खालचा भाग काळा पडून सुकत असेल तर तो बहुतेक वेळा रोग नसतो, पाणी कधी जास्त कधी कमी झालं की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. आता मी टोमॅटो अशा हिशोबाने लावतो की फळधारणा उन्हाच्या तडाख्याच्या आधी उरकेल. कडक उन्हाळ्यासाठी भेंडी, गवार, चवळी, वांगी, राजगिऱ्याची भाजी. राजगिऱ्याचं तर अन्न तयार करायचं तंत्रच वेगळं आहे, मक्यासारखं, तापमान वाढलं तरी तो कमी पाण्यात काम चालू ठेवतो. काकडी, दोडक्याच्या वेलाला उन्हाळ्यात नुसती नर फुलं आली तर वेल उपटू नका, उष्णता आणि मोठा दिवस यामुळे तसं होतं, जरा थंडावा आला की मादी फुलं येतात. शेडनेट मी ३५ ते ५० टक्क्यांची फक्त रोपवाटिकेवर आणि मिरचीवर ठेवलीय, आणि तीही दुपारनंतरच्या पश्चिमेच्या उन्हापुरती. फळझाडांच्या खोडांना चुना लावतो, कोवळी साल तडकत नाही.

पावसाचं बोलायलाच हवं, कारण गरम कोरड्या भागात पाऊस कमी असतो यापेक्षा तो एकदम येतो हे जास्त त्रासाचं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर. अर्धा एकर जमिनीवर २५ मिलिमीटरचा एक झोडपा पडला तर पन्नास हजार लिटर पाणी येतं, आणि माझ्या उघड्या, तापून कडक झालेल्या उतारावरून ते सगळं अर्ध्या तासात चांगली माती घेऊन निघून जायचं. मग उताराला आडवे चर घेतले. लेव्हल मशीन नव्हतं, तीन काठ्या ए आकारात बांधल्या, वरून दोरीला दगड लोंबकळत सोडला, दोरी आडव्या काठीच्या बरोबर मध्यखुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. असं पाऊल पाऊल खुंट्या ठोकत रेषा काढली, चर खणला, निघालेली माती खालच्या बाजूला बांध म्हणून टाकली. पहिल्या वर्षी जास्तीचं पाणी बाहेर जायला सांडवा ठेवला नाही. मोठा पाऊस आला, चर भरला, बांध मधोमध फुटला आणि खालच्या पपया दोन दिवस पाण्यात उभ्या राहिल्या. पपईच्या मुळांना तेवढं पाणी तुंबलेलं सोसत नाही, सगळ्या गेल्या, सात झाडं, फळांनी लगडलेली, आणि ते दुःख मला अजून आहे. आता प्रत्येक चराच्या एका टोकाला दगड रचून सांडवा केलाय, बांधावर शेवगा आणि सीताफळ आहे, आणि पपई सगळ्यात वर उंचवट्यावर.

सध्या एका कोपऱ्यात मात्र माती मुद्दाम तापवायला ठेवलीय. भेंडीच्या मुळांना गाठी निघाल्या, सूत्रकृमी, म्हणजे मातीतले मुळांत शिरणारे अगदी बारीक कृमी. तिथलं आच्छादन पूर्ण काढलं, ढेकळं फोडून माती सपाट केली, भरपूर पाणी देऊन भिजवली आणि वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत दाबून टाकल्या. काळं नाही, पारदर्शकच लागतं, कारण ऊन आत शिरून मातीच तापायला हवी. इस्रायलमध्ये १९७६ साली यावरचं पहिलं मोठं काम प्रसिद्ध झालं. चार ते सहा आठवडे ठेवायचं असतं, वरच्या वीतभर थरात चांगला परिणाम होतो, त्याखाली काही कृमी उरतातच. आज अकरावा दिवस आहे. सकाळी बघितलं तर प्लास्टिकला आतून पाण्याचे थेंब धरलेत, म्हणजे ओल टिकलीय, फक्त एका बाजूला कुत्र्यानं पाय देऊन बोटभर भोक पाडलंय ते टेप लावून बुजवलं. सहा आठवडे झाले की प्लास्टिक काढल्या काढल्या त्याच संध्याकाळी टाकायला गवताचे तीन भारे आताच आणून सावलीत रचून ठेवलेत.