मूट करायचंय, पण सुरुवात कुठून करू?

लॉच्या ॲडमिशन झाल्या की ज्युनियर मुलामुलींचे मेसेज यायला लागतात, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, ताई मूटिंग करायचंय पण आमचं कॉलेज लहान आहे, मी मराठी मीडियमची आहे, हे सगळं नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीवाल्यांचंच असतं ना? प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदा सगळं सविस्तर लिहून टाकते. मूट म्हणजे अभिरूप न्यायालय, एक काल्पनिक केस घेऊन जजसमोर वकिलासारखा लेखी आणि तोंडी युक्तिवाद करायचा.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की मूट तुमच्या सिलॅबसमध्येच आहे. बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या रूल्स ऑफ लीगल एज्युकेशनमध्ये मूट कोर्ट आणि इंटर्नशिप असा कंपल्सरी प्रॅक्टिकल पेपर आहे, त्यात ३० मार्क मूटचे, तीन मूट, प्रत्येकी १० मार्क, त्यातले ५ लेखी कामाला आणि ५ तोंडी युक्तिवादाला. म्हणजे देशातल्या प्रत्येक लॉ कॉलेजमध्ये, मग ते मुंबईचं १८५५ सालचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज असो नाहीतर तालुक्याच्या गावातलं दोन खोल्यांचं कॉलेज, हे व्हायलाच हवं. पण खूप ठिकाणी काय होतं, सीनियरची फाइल घ्यायची, नाव बदलून लिहून काढायची, सरांसमोर उभं राहून दोन मिनिटं वाचायची आणि संपलं. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण ज्या मुलांना स्पर्धेला जायला पैसे नाहीत, ज्यांच्या घरात कोणी वकील नाही, त्यांच्यासाठी ही तीन मूट म्हणजे फुकट मिळालेली प्रॅक्टिस असते. ती फाइल स्वतः लिहा. सरांना सांगा की मला मध्ये थांबवून प्रश्न विचारा. सर नाही विचारणार तर वर्गातल्या दोघांना जज म्हणून बसवा.

आता स्पर्धेचं. बऱ्याच कॉलेजात मूट कोर्ट सोसायटी किंवा कमिटी असते, ती वर्षाच्या सुरुवातीला इंट्रा मूट, म्हणजे कॉलेजातल्या कॉलेजात मूट, घेते आणि त्या रँकिंगवरून बाहेरच्या स्पर्धांच्या टीम ठरतात. फर्स्ट इयरला असाल तरी इंट्राला नाव द्या, घटना शिकवून झालेली नाहीये, एव्हिडन्स अजून यायचाय असली कारणं देऊ नका, कारण मूटमध्ये लागतं तेवढं तुम्ही त्या तीन-चार आठवड्यात शिकताच, आणि तसं शिकलेलं परीक्षेसाठी वाचलेल्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतं. कॉलेजात सोसायटीच नसेल तर तिघं मिळून एका शिक्षकांना पकडा आणि त्यांच्यासोबत प्रिन्सिपलकडे जा. बहुतेक स्पर्धा कॉलेजमागे एक टीम घेतात आणि त्यांना कॉलेजचं पत्र लागतं, बस. फी आणि प्रवासाचं आधीच स्पष्ट विचारून घ्या. आता काही स्पर्धांच्या सुरुवातीच्या राउंड ऑनलाइनही होतात, पहिल्यांदा तिथूनच सुरुवात केलेली बरी. स्पर्धांच्या नोटीस लॉक्टोपस, लाइव्ह लॉ अशा साइटवर येतच असतात.

टीम साधारण तिघांची असते, दोन स्पीकर आणि एक रिसर्चर. इथे एक गोष्ट ठासून सांगते, रिसर्चर म्हणजे ज्याला बोलता येत नाही तो, हा समज डोक्यातून काढून टाका. मूट जिंकणाऱ्या टीममध्ये बऱ्याचदा सगळ्यात जास्त कायदा रिसर्चरलाच माहीत असतो आणि अनेक स्पर्धांत रिसर्चरची वेगळी परीक्षा आणि वेगळं बक्षीस असतं. समजा प्रॉब्लेम, म्हणजे तुम्हाला दिलेली काल्पनिक केस, एका ॲप कंपनीने लोकांचा डेटा विकल्याचा आहे. तुम्ही सुप्रीम कोर्टाचं पुट्टास्वामी जजमेंट घेऊन उभे राहता, २०१७, नऊ न्यायाधीशांचं बेंच, प्रायव्हसी हा घटनेच्या आर्टिकल २१ खालचा मूलभूत हक्क, सगळं बरोबर. जज शांतपणे विचारतात, काउन्सेल, ही कंपनी तर खासगी आहे, सरकार नाही, मग तिच्याविरुद्ध आर्टिकल २१ कसं लागू होईल? आता इथे ज्या टीमच्या रिसर्चरने सुप्रीम कोर्टाचं २०२३ चं कौशल किशोर जजमेंट वाचलंय तिला माहीत असतं की घटनापीठाने ४ विरुद्ध १ असं म्हटलंय की आर्टिकल १९ आणि २१ खालचे हक्क सरकार सोडून इतरांविरुद्धही बजावता येतात, आणि न्यायमूर्ती नागरत्ना यांनी त्या मुद्द्यावर वेगळं मत दिलंय, त्यामुळे समोरची बाजू कुठून हल्ला करणार हेही तिला माहीत असतं. हे गुगलवरच्या पहिल्या ब्लॉगवरून मिळत नाही, जजमेंट उघडून बसावं लागतं. आणि त्यासाठी पैसे लागतात असंही नाही. इंडियन कानून ही निकालांची साइट फुकट आहे, सुप्रीम कोर्टाच्या निकालांचा ऑनलाइन संग्रह ई-एससीआर २०२३ पासून फुकट आहे, कॉलेजकडे एससीसी ऑनलाइन किंवा मनुपात्रा अशा पैसे भरून घ्यायच्या साइटचं लॉगिन असेल तर लायब्ररीत जाऊन मागून घ्या.

प्रॉब्लेम, ज्याला सगळे प्रपोझिशन म्हणतात, तो पाठ होईपर्यंत वाचा. खरंच पाठ. पॅरा नंबरसकट. प्रपोझिशन लिहिणारा माणूस प्रत्येक तारीख मुद्दाम टाकतो, नोटीस कधी गेली, कायदा कधी लागू झाला, कोणी सही केली आणि कोणी नाही केली. दोन्ही बाजूंना थोडं बळ आणि थोडी दुखरी नस दिलेली असते. काही अस्पष्ट वाटलं तर क्लॅरिफिकेशन मागायची एक मुदत असते, ती चुकवू नका. मग मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, दोन्ही बाजूंचं, कारण तुम्हाला दोन्ही बाजूंनी उभं राहावं लागतं. फॅक्ट्स, इश्यूज, समरी, आर्ग्युमेंट्स, प्रेयर (कोर्टाकडे शेवटी काय मागता ते) हा साचा ठरलेला असतो, पण फॉन्ट, पानांची मर्यादा, सायटेशनची पद्धत हे प्रत्येक स्पर्धेचे नियम वेगळे आणि त्यावर मार्क कापले जातात. टीमला कोड मिळतो, कॉलेजचं नाव कुठेही दिसता कामा नये. अगदी फाइलच्या नावातसुद्धा.

आता बोलण्याचा भाग, आणि हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे शाळेपासून वक्तृत्व स्पर्धा असतात, गणेशोत्सवात, जयंतीला, त्यातून खूप चांगली बोलणारी मुलं तयार होतात आणि तीच मुलं मूटला येऊन अडखळतात. कारण वक्तृत्वात कोणी मध्ये थांबवत नाही. मूटमध्ये तुम्ही दुसऱ्या वाक्यावर असताना प्रश्न येतो आणि तेव्हा अर्ध्या शब्दावर थांबायचं असतं. हे वाक्य पूर्ण करून मग येते, असं चालत नाही. आधी हो किंवा नाही सांगायचं, मग कारण, मग केस किंवा पॅरा नंबर, आणि मग आपल्या मुद्द्यावर परत. उत्तर येत नसेल तर तसं नम्रपणे सांगून पुढे जायचं, जज त्याचे मार्क कापत नाहीत, थापा मारण्याचे कापतात. आवाज चढवायची गरज नाही, हातवारे नकोत, शेर नकोत. मी आता कधीमधी कॉलेजात जज म्हणून बसते तेव्हा मला सगळ्यात आवडतात त्या मुली आणि मुलं जे प्रश्न ऐकून दोन सेकंद विचार करतात.

इंग्रजीचं काय? बहुतेक मोठ्या स्पर्धा इंग्रजीतच असतात, ते खरं आहे. पण जजला लागतं ते छोटं, सरळ वाक्य. माय लॉर्ड, द नोटीस वॉज सर्व्ड आफ्टर द लिमिटेशन पीरियड (नोटीस मुदत संपल्यावर बजावली), एवढं बोलता आलं की काम होतं. आधी मुद्दा मराठीत एकमेकांना समजावून सांगा, मराठीत भांडा, जो मुद्दा मराठीत टिकत नाही तो इंग्रजीतही टिकणार नाही, मग इंग्रजीत बसवा आणि रोज मोठ्याने बोला. आणि काही कॉलेजं मराठीतून अभिरूप न्यायालय स्पर्धाही घेतात. मिळाली तर नक्की करा, पुढे जिल्हा न्यायालयात प्रॅक्टिस करायची असेल तर तेच कामाला येणार आहे.

इंटरनॅशनल मूटचं स्वप्न असेल तर जेसप ही स्पर्धा आहे, १९६० पासून चालू, दोन काल्पनिक देशांचा इंटरनॅशनल कोर्ट ऑफ जस्टिससमोरचा वाद, भारतातल्या राउंडमधून निवड होऊन वॉशिंग्टनला जायचं. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलने ती १९९९ आणि २०१३ मध्ये जगात जिंकलीये. आर्बिट्रेशन, म्हणजे कोर्टाबाहेर लवादापुढे वाद सोडवणं, आवडत असेल तर व्हिएन्नाची विस मूट, तिथे माल विक्रीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा कायदा लागतो ज्याचा भारत सदस्यच नाही, म्हणजे तो कॉलेजात नीट शिकवलाही जात नाही, सगळं स्वतः वाचायचं. मुंबईत गव्हर्नमेंट लॉ कॉलेजची डी. एम. हरीश इंटरनॅशनल मूट आहे, तिथे खेळायला जमलं नाही तरी राउंड बघायला मिळत असतील तर जाऊन बसा.

आणि त्याआधी एक काम आजच करता येईल. इंटरनॅशनल कोर्ट ऑफ जस्टिसच्या साइटवर कुलभूषण जाधव केसची कागदपत्रं आहेत, भारताचं मेमोरियल, पाकिस्तानचं काउंटर मेमोरियल, सुनावणीचा शब्द न् शब्द, आणि १७ जुलै २०१९ चा १५ विरुद्ध १ असा निकाल. भारताकडून उभे होते हरीश साळवे, नागपूर विद्यापीठातून लॉ केलेले. आधी मेमोरियल वाचा, निकाल अजून उघडू नका, मग पाकिस्तानच्या बाजूने तीन मुद्दे स्वतः लिहून काढा, मग त्यांचं काउंटर मेमोरियल वाचा आणि तुमचे किती मुद्दे त्यात आले ते बघा. आवडलं तर जेसपचा नवा प्रॉब्लेम साधारण सप्टेंबरमध्ये येतो, टीम असो नसो, डाउनलोड करून घ्या, आणि वाचताना कुठे अडलात तर मला लिहा.