मेणवलीचा वाडा ‘अर्ध्या तासात होतो’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका

सगळ्यांनी एकच सांगितलेलं, वाईला जाताय ना, मग मेणवलीला अर्धा तास थांबा, घाटावर फोटो काढा आणि पाचगणीला निघा. मी तसाच प्लॅन करून गेलो आणि साडेतीन तास तिथेच होतो, तरी दोन चौक नीट बघायचे राहिले. पुढे जाणाऱ्यांचं असं होऊ नये म्हणून लिहितोय.

आधी पैशांचं. वाई स्टँडवरून मेणवली जेमतेम तीन किलोमीटर. रिक्षावाल्याने जाऊन-येऊन साडेचारशे सांगितले, घाई होती म्हणून मी हो म्हणालो, आणि परत निघताना थांबल्याचे दीडशे वेगळे मागितले. फक्त जायची रिक्षा करा आणि पैसे देऊन तिथेच सोडून द्या. त्यापेक्षा वाईट म्हणजे दाराशी भेटलेला ‘गाइड’. दोनशे रुपये घेतले आणि वीस मिनिटं कुठल्या शूटिंगला कोण कुठे उभं होतं तेच दाखवत होता. वाड्यातून शनिवारवाड्यापर्यंत भुयार आहे म्हणे! पुणे इथून ऐंशी-नव्वद किलोमीटर आहे, मधे खंबाटकीचा डोंगर आहे. घाटावरची घंटा इंग्रजांनी नाना फडणवीसांना, म्हणजे हा वाडा बांधणाऱ्या पेशव्यांच्या कारभाऱ्यांना, भेट दिली हेही त्यानेच सांगितलं, आणि माझ्यासोबत उभी असलेली शाळेची पोरं ते वहीत लिहून घेत होती, याचा मला खरंच त्रास झाला.

घंटा पोर्तुगीज आहे. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत, 1707 साल आहे, आणि ती वसईच्या मोहिमेतली. वसई चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून 1739 ला घेतली, तेव्हा नानांचा जन्मही झाला नव्हता, त्यांचा जन्म 1742 चा. म्हणजे घंटा बरीच नंतर इथे आली. घाट चंद्रकोरीच्या आकाराचा आहे, मेणेश्वराचं देऊळ आहे, छान आहे सगळं, पण गर्दी सगळी तिथेच अडकते आणि वाडा रिकामा राहतो.

खरी गोष्ट वाडा आहे. 1768 मधे नाना फडणवीसांना मेणवलीची जागा मिळाली आणि नंतर त्यांनी हा सहा चौकांचा वाडा बांधला. बाहेरून बघाल तर नुसती उंच भिंत, मोठेपणा दाखवायचा काही प्रयत्नच नाही. आत शिरलं की मग चौकामागे चौक उघडत जातात, बाहेरच्या बाजूला कामाची माणसं, आत घरची, आणि प्रत्येक चौकाला भोवती सोपे (ओसऱ्या), म्हणजे ऊन-वारा आत येतो पण बाहेरच्या माणसाची नजर येत नाही. भार सगळा लाकडी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर आहे. वर मान करून कडीपाट, म्हणजे लाकडी छत, बघा, तो कुणी बघतच नाही. एका भागात भिंतीवर जुनी चित्रं आहेत, देवादिकांची, रंग अजून ओळखू येतात. त्यांना हात लावू नका, माझ्यासमोर एक बाई नखाने खरवडून बघत होती.

आता जिना. हे नीट वाचा. वरच्या मजल्याचा जिना भिंतीच्या जाडीतच काढलाय, एका वेळी एकच माणूस, पायऱ्या गुडघ्याएवढ्या उंच, आणि वळणावर पूर्ण अंधार. मी पाठीवर सॅक घेऊन चढलो आणि मधेच अडकलो, वरून एक कुटुंब खाली येत होतं, त्यांच्यात आजी, दहा मिनिटं आम्ही तसेच उभे, मागे सरकायला पायरी दिसेना. उतरताना कपाळ चौकटीला आपटलं ते अजून दुखतंय. सॅक खालीच ठेवा, टॉर्च हातात, वरती ‘येतोय’ अशी हाक मारूनच चढा, आणि उतरताना तोंड पायऱ्यांकडे करून उतरा. गुडघ्यांचा त्रास असेल तर चढूच नका, खालचे चौक पुरेसे आहेत.

पण तिथे अडकल्यावरच मला हा वाडा कळला. असा जिना एका माणसाला अडवून धरता येतो. बांधणारा माणूस अठरा-एकोणीस वर्षांचा असताना पानिपतातून कसाबसा जिवंत परत आला होता, आई तिथेच हरवली, पुढे 1773 ला नारायणराव पेशव्यांचा खून पुण्याच्या शनिवारवाड्यातच झाला आणि त्यानंतर राघोबांविरुद्ध एकत्र आलेल्या बारभाईंच्या राजकारणात नाना पुढे होते. अशा माणसाने गावाकडे, नदीकाठी स्वतःसाठी घर बांधलं तर ते असंच असणार. त्यांच्या कागदपत्रांचा मोठा साठा इथेच सापडला, अभ्यासक त्याला मेणवली दप्तर म्हणतात, आणि आपला गाइड त्याबद्दल एक शब्द बोलला नाही!

दुसऱ्या दिवशी वाईतला ढोल्या गणपती आणि जवळचं धोमचं देऊळ केलं, सगळं आरामात झालं.

माझं मत विचाराल तर पाचगणी एक दिवस कमी करा आणि मेणवलीला सकाळी लवकर या, आधी वाडा, मग घाट. वाडा खाजगी आहे, आत जायच्या आधी तिथल्या माणसाला विचारा. पावसाळ्यात घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, चपला घालून उतरू नका. आणि परत येताना चालत या, वाईपर्यंत पाऊण तास लागतो.