चारचा रकाना

जुलै महिना, लावणी ऐन भरात. सिंधुदुर्गात किनाऱ्याजवळच्या आमच्या रुग्णालयात त्या रात्री पुरुष आणि महिला वॉर्ड मिळून ३१ पेशंट होते आणि सिस्टर मी एकटी. जोडीची सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर, तिच्या जागी कोणी आलं नव्हतं. सोबत एक मावशी होत्या.

साडेबाराला चाळिशीच्या एका शेतकऱ्याला आणलं. मेरेवर फुरसं चावलं होतं, पाय पोटरीपर्यंत सुजला होता, हिरड्यांतून रक्त येत होतं. कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन ती वीस मिनिटं न हलवता ठेवली. तिरकी केली तर रक्त गोठलंच नव्हतं, पाण्यासारखं वाहिलं. डॉक्टरांनी सापाच्या विषावरच्या लसीच्या दहा व्हायल, म्हणजे छोट्या बाटल्या, लिहून दिल्या आणि ते लेबर रूमकडे धावले. तिथे एक बाई अडली होती.

ही लस पावडरच्या रूपात येते. प्रत्येक व्हायलमध्ये पाणी घालून ती तळहातांत हळूहळू फिरवत विरघळवायची. जोरात हलवली तर फेस होतो. अशा दहा व्हायल. तेवढ्या वेळात तीन पेशंटनी हाका मारल्या.

लस घोड्याच्या रक्तापासून करतात, त्यामुळे रिअॅक्शन कधीही येऊ शकते. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं पेशंटजवळून हलायचं नाही, हे आम्हाला शिकवलेलं असतं. मी सहाव्या मिनिटाला उठले. महिला वॉर्डात दम्याच्या आजींचा ऑक्सिजनचा सिलिंडर संपत आला होता. उठताना त्याच्या बायकोला सांगितलं, अंगावर गांधी उठल्या, थंडी वाजली, धाप लागली तर धावत या. ती दिवसभर चिखलात वाकून लावणी करून आलेली, पायांची कातडी पाण्याने पांढरी पडलेली.

सिलिंडरचा नॉब फिरवत होते तेवढ्यात ती दारात आली. "ओ सिस्टर, बेगीन येवा, हेंच्या अंगार गांधी उठले!"

लस थांबवली, मांडीत अॅड्रेनलिन दिलं, डॉक्टरांना फोन लावला. बीपी सावरल्यावर लस सावकाश पुन्हा सुरू केली आणि या वेळी मी तिथेच बसले. बाकी तीस जण तेवढा वेळ देवाच्या भरवशावर. तो माणूस वाचला. त्याच्यावर पाळत माझी नव्हती, दमलेल्या त्या बाईची होती. नर्स कमी असल्या की त्यांचं काम नातेवाइकांवर जातं, आणि ज्याचं कोणी जागं नाही त्याच्यावर कोणाचीच नजर राहत नाही.

एकोणीस नंबरवर पंचविशीचा मुलगा होता. चिखलणी करणारा, लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा संशय. त्याचे वडील खाली चटईवर गाढ झोपलेले. सहाला मी त्याच्यापाशी पोचले तेव्हा कळलं, लघवीची पिशवी रात्री मोकळी केली होती तशीच कोरडी. लेप्टोत मूत्रपिंडं बंद पडू शकतात, हे मला माहीत आहे. म्हणूनच तर दर दोन तासांनी मोजायचं असतं.

त्याला गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवायचं ठरलं. चार्टवर पहाटे चारचा रकाना कोरा होता, सगळ्याच पेशंटचा. मला सांगण्यात आलं, भरून टाका. नाडी ८०, श्वास २०, ताप नॉर्मल. यापूर्वी असे आकडे मीही भरलेत, हे इथे कबूल करते. त्या सकाळी हात चालला नाही. पुढच्या डॉक्टरांनी ते खरे मानले असते. मी लिहिलं : "घेतलं नाही. पेशंट ३१, सिस्टर १."

चार दिवसांनी मेमो आला. खुलाशात मी रात्रीचा हिशेब मिनिटामिनिटाने दिला. पुढे लिहिलं की भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स आहे, शिवाय रजांसाठी ३० टक्के जादा. पण हजेरीपटावरच्या नर्सेसना रुग्णसंख्येने भागून काय उपयोग? तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्टी, रजा वजा करा आणि मग रात्री वॉर्डात उभं कोण आहे ते मोजा. कॅलिफोर्नियात १९९९ साली यासाठी कायदा झाला आणि २००४ पासून तो लागू आहे. तिथे साध्या वॉर्डात एका नर्सकडे पाचच रुग्ण, तेही प्रत्येक पाळीत, ती जेवायला गेली तरी. अमेरिकेतल्या नर्सिंग संशोधक लिंडा एकेन यांच्या २००२ च्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या रुग्णांचं चित्र स्पष्ट आहे : नर्समागे एक रुग्ण वाढला की मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. मी मागणी एकच केली, रात्रीला दुसरी सिस्टर द्या.

फुरसं चावलेला माणूस पाचव्या दिवशी चालत घरी गेला. त्याच दुपारी त्या मुलाच्या वडिलांचा बांबोळीहून फोन आला. डायलिसिस चालू होतं. तिथले डॉक्टर विचारत होते, लघवी नेमकी कधी बंद झाली.

मला सांगता आलं नाही.