समोरच्या खंदकातला पाव

मुंबईत रशियन क्रांतीचा विषय निघाला की गिरणगाव, लाल बावटा आणि लेनिन ओघाने येतातच. 1917 साली, पहिल्या महायुद्धात, रशियनांच्या समोरच्या खंदकात बसलेल्या जर्मन शिपायाला मात्र आधी दिसला तो पाव. घरून येणाऱ्या पत्रांत सलगमावर काढलेल्या हिवाळ्याची रडगाणी. आणि रशियन शिपाई पाव, साबण घेऊन तारांपाशी उभा. त्याला हवी दारू, कारण रशियात 1914 पासून दारूबंदी. सौदा जमायला आणखी काय लागतं?

एप्रिलमधल्या रशियन ईस्टरला या भेटी उघडपणे वाढल्या. जर्मन वरिष्ठांनी त्यांचा बेत केला: रशियन बोलणारे दुभाषे, छापील पत्रकं आणि गप्पा मारतामारता तोफांच्या जागा हेरणारे अधिकारी. साध्या शिपायाने परस्पर जायचं नाही. तो जायचाच.

ऐकायला काय मिळायचं? पेट्रोग्राड सोव्हिएटचा, म्हणजे रशियाच्या राजधानीतल्या कामगार-शिपायांच्या परिषदेचा, हुकूम क्रमांक 1. शिपायांच्या कमिट्या, हत्यारं कमिटीच्या ताब्यात, ड्यूटी नसताना सलाम नाही, आणि अधिकाऱ्याने शिपायाला अरे-तुरे करायचं नाही. हे शेवटचं कलम मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. हुकूम खरा राजधानीतल्या फौजेपुरता होता, पण पसरला सगळ्या आघाडीवर. अधिकाऱ्यांच्या वेगळ्या जेवणावर आधीच धुसफुसणाऱ्या जर्मनाच्या तो कानावर पडला, हे बेतात नव्हतं.

15 डिसेंबरला रशिया आणि जर्मनीच्या बाजूत झालेल्या ब्रेस्ट-लिटोव्स्क युद्धविरामात तर भेटींचे नियमच लिहिले गेले: प्रत्येक रशियन डिव्हिजनच्या पट्ट्यात ठरलेल्या दोन-तीन जागा, सूर्योदय ते सूर्यास्त, एका वेळी प्रत्येक बाजूची जास्तीत जास्त 25 माणसं, बिनहत्यारी. वर्तमानपत्रं, उघडी पत्रं, रोजच्या वस्तू यांच्या देवघेवीला मुभा. दोन्हीकडचे मिळून 50, म्हणजे विरार लोकलच्या एका दारातली गर्दी.

खरी मेख दुसऱ्या कलमात होती. सैन्य हलवायचं नाही. मात्र सहीपूर्वी निघालेले हुकूम चालतील. जर्मनांनी ते आधीच काढून ठेवले होते. म्हणजे 'समोरची क्रांती' याचा शिपायासाठी अर्थ एवढाच उरला: लढाई संपली म्हणून घरी, की पश्चिमेच्या, फ्रान्सकडच्या आघाडीच्या गाडीत? गाड्या पश्चिमेला निघाल्या, आणि वाटेतच उतरून पसार होणारेही निघाले. नोव्हेंबर 1918 मध्ये पूर्वेकडच्या जर्मन फौजेतही शिपायांच्या कमिट्या झाल्या. त्यांची पहिली चौकशी घरच्या गाडीची.