आमची वाटचाल: तोंडाने आवाज काढून दाखवा

आमच्या गॅरेजवर जुनी पिकअप घेऊन कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आवाज कसा येतो? तोंडाने काढून दाखवा." नवा माणूस लाजतो, इकडेतिकडे बघतो, मग हळूच 'टक टक' म्हणतो. भाऊच्या धक्क्यावरून मासळी उचलणाऱ्या एक मावशी मात्र अजिबात लाजल्या नव्हत्या. भर रस्त्यात उभं राहून त्यांनी 'ठक-ठक... ठक-ठक' असा जोडीजोडीचा आवाज काढून दाखवला आणि बोनेट उघडायच्या आधीच मी वहीत लिहिलं, "गजन पिन?" म्हणजे पिस्टनला कनेक्टिंग रॉड जोडणारी पिन. पुढे पिस्टन काढला तेव्हा तेच निघालं.

वही ही बायकोची कल्पना. गिऱ्हाईक जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. मराठीत आवाजांना किती नावं आहेत, ते ही वही भरत गेली तसं मला कळलं. हलकी, भरभर 'टकटक' म्हणजे बहुतेक टॅपेट, व्हॉल्व्ह ढकलणारा भाग. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याचे, दोन फेरे झाले की व्हॉल्व्ह चालवणाऱ्या कॅमचा एक होतो, म्हणून ही टकटक क्रँकच्या निम्म्या चालीने येते. 'ठणठण' जरा जड; ॲक्सिलरेटर हलकाच दाबल्यावर किंवा सोडताना उठून आली तर बिग एंडचं, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं बेअरिंग. पोटातून 'धप धप' आली आणि चढावर लोड पडला की वाढली, तर क्रँकला धरून ठेवणारं मेन बेअरिंग. मग आम्ही गाडी पुढे चालवू देत नाही. 'फस् फस्' म्हणजे डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या बुडातून किंवा मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून गॅस सुटतोय, तिथे काजळीचा डागही दिसतो. 'चीं' बेल्टची, 'किरकिर' कोरड्या बेअरिंगची. आणि 'खुळखुळ' ऐकू आली की मी आधी सायलेन्सरचा पत्रा हलवून बघतो. कितीतरी लोक इंजिन गेलं म्हणून रडवेले होऊन येतात आणि एका नटबोल्टवर घरी जातात.

कान मला वडिलांकडून मिळाला. ते परळच्या एका गिरणीत फिटर होते. चालत्या यंत्राच्या बेअरिंगवर लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवायचा आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची, ही त्यांची पद्धत. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होतो. संप लांबला, ते कुर्ल्याच्या एका गॅरेजमध्ये लागले आणि दहावीनंतर मीही त्यांच्या मागे गेलो. 1994 मध्ये भांडुपला रेल्वेलाइनच्या जवळ भाड्याचा गाळा घेतला. गाळा एवढा लहान की पिकअपचं तोंड आत आणि हौदा गल्लीत.

पहिली काही वर्षं लिहिण्यासारखी नाहीत. ऑइल बदल, ब्रेक लायनर, क्लच प्लेट, उधारी.

1998 चं लिहायला हवं. वाशी मार्केटमधून भाजी आणणाऱ्या एका दादांची पिकअप आली, जड 'ठणठण' करत. मी ऐकलं न ऐकलं आणि सांगून मोकळा झालो, "बेअरिंग गेलं, इंजिन उतरवावं लागेल." उतरवलं. क्रँक लेथवर दिला, दहा थौ (इंचाचे दहा हजारांश) घासला, नवे बेअरिंग शेल टाकले. आठ दिवस गाडी उभी, दादा रोज टेम्पो भाड्याने आणत होते. इंजिन बसवलं, स्टार्टर मारला... तीच ठणठण! दोष क्रँकच्या पुढच्या पुलीत होता. पुलीला क्रँकवर पक्कं धरणारी चावी झिजली होती, तिची खाच रुंद झाली होती आणि पुली जागेवरच आपटत होती. गंमत म्हणजे तीच पुली आमच्या पोऱ्याने डिझेलमध्ये लख्ख धुऊन परत बसवली होती. बघितली कुणीच नाही. पोऱ्याला काय बोलणार, उस्ताद मीच होतो. मजुरी सोडली आणि लेथवाल्याचे पैसे माझ्या खिशातून गेले. वडील एवढंच म्हणाले, "एकेक पाइप सैल केला होतास का?"

नव्हता केला. जुन्या, यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनात ही सोपी परीक्षा आहे. इंजिन आयडलला ठेवायचं आणि नोझलच्या पाइपचे नट एकामागून एक सैल करायचे. त्या सिलिंडरला डिझेल मिळत नाही, पिस्टनवरचा दाब उतरतो. आवाज बदलला तर दोष त्याच सिलिंडरच्या नोझलमध्ये, पिस्टनमध्ये किंवा कनेक्टिंग रॉडमध्ये. चारही पाइप सैल करून आवाजात काहीच फरक पडला नाही, तर बाहेर शोधायचं. मग बेल्ट काढून अर्धा मिनिट इंजिन चालवायचं; आवाज गेला तर डायनॅमो किंवा वॉटर पंप. क्लच दाबल्यावर बदलला तर रिलीज बेअरिंग किंवा गिअरबॉक्स. दहा मिनिटांचं काम, ते वाचवायला गेलो आणि आठ दिवस घालवले.

त्यानंतर आम्ही आवाज ऐकायचे वेगळे पैसे घ्यायला लागलो. लोक चिडले. "ऐकायचे कसले पैसे?" असं तोंडावर म्हणायचे. दोन-चार नेहमीची गिऱ्हाइकं तुटलीही. पण ऐकण्याची मजुरी मिळाली की इंजिन खोलायचा मोह राहत नाही, हा माझा अनुभव. पाना फिरवल्याशिवाय पोट भरत नसेल तर मेकॅनिक पाना फिरवणारच.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतरच्या गाड्यांनी आमचा गाळा खऱ्या अर्थाने उभा केला, हे सांगायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. पाणी शिरलेल्या इंजिनाला लोकांनी स्टार्टर मारले होते. पाणी दाबलं जात नाही, मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. काही गाड्या तशाच चालू झाल्या आणि दिवाळीच्या सुमाराला ठणठणत आल्या. वाकलेल्या रॉडची लांबी कमी होते, पिस्टन खाली जास्त येतो आणि त्याचा घेर क्रँकच्या वजनाला घासतो. आजही पाण्यात अडकलेल्या गाडीचा फोन आला की मी आधी ओरडतो, "चावी फिरवू नका!" नोझल काढून, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढायचं आणि मगच पुढचं.

2010 पासून मुंबईत बीएस-4 हे गाड्यांच्या धुराचे नियम आले आणि हळूहळू कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या पिकअप आमच्याकडे जुन्या होऊन यायला लागल्या. यांचा पाइप सैल करायचा नाही. आत दाब हजार बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण हजारपटीच्या वर जातो, डिझेलची ती बारीक धार कातडीतून आत शिरते. हे प्रत्येक नव्या पोऱ्याला मी पहिल्या दिवशी सांगतो. म्हणून गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर घेतला. त्यावरून एकेक सिलिंडर बंद करता येतो. वडिलांचीच परीक्षा ती, फक्त पाना नाही. स्क्रू ड्रायव्हर अजून खिळ्याला लटकलेला आहे आणि दिवसातून दोनदा तरी खाली उतरतो.

आता दोन गाळे आहेत, चार माणसं. अडचण एकच, शांतता. फास्ट लोकल गेली की सगळे थांबतात, गाडी लांब जाईपर्यंत हात वर. त्यात काही आवाज फक्त थंड इंजिनाचे. पिस्टन लायनरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीत सैल झाला की सकाळी पाच-दहा मिनिटं खडखडतो, गरम होऊन फुगला की गप्प. अशी गाडी दुपारी बारा वाजता आणली तर काय ऐकणार? ती रात्री आमच्याकडेच मुक्कामाला ठेवतो. ऑइल खात नसेल तर अशी गाडी वर्षानुवर्षं चालते, तसं मालकाला स्पष्ट सांगतो आणि ऐकण्याचेच पैसे घेतो.

आज रात्री दोन मुक्कामाला आहेत. सकाळी साडेपाचला गाळा उघडायचाय, पहिला स्टार्टर मीच मारणार.