बाईंच्या बोटाचं रक्त

1984 ची दहावी 'ब'. रक्ताच्या पेशी बघायच्या म्हटल्यावर एकाही वाघाने बोट पुढे केलं नाही, तेव्हा शास्त्राच्या बाईंनी स्वतःच्याच बोटाला सुई टोचली. सूक्ष्मदर्शक एकच, त्यामुळे रेशनसारखी रांग. पुढच्यांना तांबड्या पेशी दिसल्या, मधोमध दाबलेल्या, भोक पाडायचं राहून गेलेल्या मेदूवड्यांसारख्या. मग बाईंनी कडेने साध्या पाण्याचा थेंब सोडला आणि माझा नंबर लागेपर्यंत मैदान साफ.

"बाई, गेल्या!"

"फुटल्या. आता नुसती भुतं उरली असतील, बघ."

मला भूतही दिसलं नाही. रागानेच विचारलं, पाण्याने फुटणारी पेशी स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतून जाताना कशी फुटत नाही? बाई म्हणाल्या, "मला नाही माहीत. शोध आणि मला येऊन सांग."

पुढे परळच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली, तेव्हा उत्तर सापडलं: स्पेक्ट्रिन. 1968 साली मार्चेसी आणि स्टीर्स यांनी हे प्रथिन पेशींच्या त्या 'भुतां'तूनच, म्हणजे फुटून रिकाम्या झालेल्या पडद्यांतूनच, वेगळं काढलं. नावही भुतावरूनच पडलं, इंग्रजी 'स्पेक्टर' म्हणजे भूत.

अल्फा आणि बीटा अशा दोन लांब साखळ्या एकमेकींना पीळ घालून असतात. अशा दोन जोड्या डोक्याला डोकं लावून जुळल्या की एक दोरी होते. ताणली तर सुमारे 200 नॅनोमीटर, एरवी आखडलेली. दोरीची टोकं ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या तोकड्या काड्यांवर बांधलेली, एका गाठीला साधारण सहा दोऱ्या. शिवाय अँकिरिन हे प्रथिन ही षट्कोनी जाळी पेशीच्या पडद्याला आतून टाचून ठेवतं. पुस्तकं हिला सांगाडा म्हणतात, परांची म्हणतात. मला ते पटत नाही. रंगकामाला शाळेभोवती बांबूची परांची बांधायचे ती ताठ, बाहेरून, आणि काम झालं की सोडायची. ही कोळ्याच्या जाळ्यासारखी. दाबा, ओढा, परत जागेवर.

जाळी जन्मतःच अधू असली तर पडद्याचे तुकडे थोडे थोडे गळून पडतात आणि पेशी गोल गरगरीत होते. तिला पाणथरीच्या (प्लीहेच्या) फटींतून निघता येत नाही, ती तिथेच मारली जाते. मूल फिकट, वरचेवर कावीळ. त्याची एक जुनी तपासणी म्हणजे रक्त कमी कमी मिठाच्या पाण्यात घालून बघायचं. निरोगी पेशी 0.5 टक्क्याच्या आसपास फुटू लागतात, या त्याआधीच. म्हणजे बाईंचाच थेंब, फक्त मोजून. मी तो किती वर्षं टाकला!

गेल्या दिवाळीत बाईंना फोन करून हे सगळं सांगितलं. वय ऐंशीच्या पुढे, आवाज तोच.

"आणि गाठ सुटली तर?"

"तांबड्या पेशीत केंद्रकच नाही, बाई. नवी दोरी वळता येत नाही. जन्माची शिदोरी असते तीवर 120 दिवस काढायचे."

"बरं. मग केंद्रक असलेल्या पेशींत हे स्पेक्ट्रिन काय करतं?"

चेतापेशींबद्दल थोडं वाचून ठेवलंय. रविवारी फोन करायचाय.