तुम्ही विचारलंत म्हणून: उद्देशिकेवर केस जिंकता येते का?

वकील आहे म्हटलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा कोणीतरी विचारतंच, अहो वकीलसाहेब, शाळेच्या पुस्तकात छापतात ती उद्देशिका, 'आम्ही भारताचे लोक' वाली, तिचा कोर्टात काही उपयोग असतो की नुसती पाठ करायला? असतो हो, पण तिच्या एकटीच्या जोरावर केस जिंकता येत नाही.

१९६० ला बेरुबारी प्रकरणात सुप्रीम कोर्टानेच सांगितलेलं की ती घटनेचा भागच नाही, १९७३ ला केशवानंद भारतीत ते मत फिरलं. मार्गदर्शक तत्त्वांचं, म्हणजे सरकारने गाठायची म्हणून घटनेत लिहिलेल्या ध्येयांचं, तर अजून गंमतशीर, कलम ३७ म्हणतं ती कोर्टातून बजावून घेता येणार नाहीत, आणि त्याच दमात म्हणतं देशाच्या कारभारात ती मूलभूत आहेत. मग न्यायाधीशाने करायचं काय?

ऑल्गा टेलिसचा, म्हणजे मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्याचा सुप्रीम कोर्टातला निकाल बघा. जुलै १९८१, भर पावसात मुख्यमंत्री अंतुलेंनी जाहीर केलं की मुंबईच्या फुटपाथवरच्या लोकांना हटवून आपापल्या गावी धाडायचं. अर्जदारांतला एक तमिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर, दुष्काळात काम गेलं म्हणून १९६१ ला आलेला, दहिसरच्या केमिकल कंपनीत रोज २३ रुपये, आणि फुटपाथवरच्या प्लास्टिकच्या आडोशासाठी झोपडीदादाने त्याच्याकडून २,५०० रुपये उकळलेले. झोपडी पाडली, बायकोपोरींसकट सेलमच्या बसमध्ये बसवलं, तर हा गडी परत मुंबईत, कारण काम इथेच. आता जगण्याचा हक्क देणाऱ्या कलम २१ मध्ये शब्द आहे 'जीवित', उपजीविकेचं नाव नाही. पण वाय. व्ही. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने मार्गदर्शक तत्त्वांतली कलम ३९ आणि ४१, म्हणजे उपजीविकेचं साधन आणि कामाचा हक्क सांगणारी, समोर ठेवून ते वाचलं आणि म्हटलं, पोट भरायचं साधनच काढून घेतलंत तर जगण्याचा हक्क उरतो कुठे. ध्येयांचा वापर करायचा तो असा, शब्द दोन्हीकडे झुकत असेल तिथे.

आणि हातात काय पडलं? पालिकेच्या कायद्यातलं कलम ३१४ नोटीस न देता हटवायची मुभा देतं, कोर्ट म्हणालं मुभा आहे, सक्ती नाही, एरवी आधी म्हणणं ऐकायला हवं, पण तुमचं तर आम्ही इथेच ऐकलं की! ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत मुदत, १९७६ च्या गणनेत असलेल्यांना पर्यायी जागा, तीही हटवायच्या आधी मिळालीच पाहिजे अशी अट नाही. तत्त्व जिंकलं आणि माणूस रस्त्यावरूनही गेला, हे मला अजून खटकतं. एवढा अर्थ लावलात तर आदेशापर्यंत न्यायचा ना.

पण म्हणून ध्येयांच्या नावाखाली काहीही खपवावं असंही नाही. नोव्हेंबर २०२४ ला मुंबईच्या जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींवरून निघालेला वाद नऊ न्यायाधीशांपुढे होता, झाडून सगळी खाजगी मालमत्ता कलम ३९ मधली, सर्वांच्या हितासाठी वाटायची, समाजाची साधनसंपत्ती धरायची का? बहुमत म्हणालं नाही, निकाल लिहिला धनंजय चंद्रचूड यांनी, म्हणजे आधीच्या चंद्रचूडांचेच चिरंजीव. घटनेने देशाला एकाच आर्थिक विचारसरणीला बांधलेलं नाही, ही आंबेडकरांची संविधान सभेतली भूमिका त्यांनी आधाराला घेतली, आणि मला ते पटतं, कारण ती निवड मतदाराची. मात्र काही खाजगी मालमत्ता त्यात बसू शकते, तिचं स्वरूप, टंचाई, समाजावरचा परिणाम बघून ठरवू, असंही म्हणून ठेवलंय, म्हणजे भांडण अजून वीसेक वर्षं चालणार, आम्हा वकिलांची सोय झाली.